सासूबाईंचे सिलोन

आमच्या सासूबाईंच्या लेखी सिलोन हा देश नव्हताच. ते रेडिओवरचे एक स्टेशन होते. रत्नागिरीजवळ, पावसच्या अलीकडे एका वाडीत त्यांचे घर आहे. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, पुढे पडवी, पडवीत झोपाळा आणि झोपाळ्याच्या डोक्यावर फळीवर मर्फीचा रेडिओ. मामंजी प्राथमिक शाळेत मास्तर होते. बुधवारी रात्री आठ वाजायला आले की ते रेडिओ फळीवरून खाली घेत, काटा हळूहळू सरकवत सिलोन लावत आणि मग तासभर घरात कुणी मोठ्याने बोलायचे नाही. भांडीसुद्धा नंतर घासायची! नुकत्याच लग्न होऊन आलेल्या आईंना या शिस्तीची धास्तीच वाटली होती म्हणे. पण महिनाभरात, कोणते गाणे कितव्या पायदानावर चढले हे त्याच आधी सांगू लागल्या.

यातली गंमत पाहा. १९५२ साली नभोवाणी खाते आले ते बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे, म्हणजे आपल्याच एका मराठी माणसाकडे. त्यांना सिनेमाच्या गाण्यांचा तिटकारा. आकाशवाणीवरून गाणी हद्दपार झाली आणि साऱ्या हिंदुस्थानाने आपल्या रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. 'बिनाका गीतमाला' त्याच वर्षी सुरू झाली. गाणी आपली, बोलणारे अमीन सायानी आपले, ध्वनिमुद्रण मुंबईत. ती फीत तेवढी कोलंबोला जायची आणि समुद्र ओलांडून पुन्हा आपल्याच पडवीत यायची. मामंजी म्हणायचे, "एकदा जाऊन बघायला हवं, कुठून येतं हे सगळं." मास्तरांच्या पगारात ते जमण्यासारखे नव्हते. रत्नागिरीहून मुंबईला जायचे तरी दहादा विचार व्हायचा.

मामंजी २०१६ च्या पावसाळ्यात गेले. वाडीतल्या घरात आईंना एकटे कसे ठेवायचे, म्हणून आम्ही त्यांना बंगळूरला घेऊन आलो.

बंगळूर हा काही परदेश नव्हे, हे मला मान्य आहे. मी स्वतः २००४ पासून इथे आहे. माझे छान चालले आहे. मंडईत कानडीत घासाघीस करते. लेक तर इथेच जन्मली. शाळेत कन्नड लिहिते-वाचते, मैत्रिणींशी कानडीत भांडते. पण आई पहिल्या दिवसापासून या शहराला 'तुमचा परदेश' म्हणत आल्या. मल्लेश्वरमला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. समोरच्या घरातल्या आजीबाई अगदी आईंच्याच वयाच्या. गॅलरीत दिसल्या की आपुलकीने विचारायच्या, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झाले का? आईंना ऐकू यायचे 'उंट'. तूप म्हणजे तुप्पा, मोठी बहीण म्हणजे अक्का, अडकित्तासुद्धा कानडीतूनच मराठीत आला, असे मी त्यांना उत्साहाने सांगून पाहिले. त्या ऐकून घ्यायच्या आणि हसायच्या. मला वाटते, भाषा शिकायची तर तिथे राहायचे असे आधी मनाने ठरवावे लागते. त्यांनी ते ठरवलेलेच नव्हते.

हे त्यांना काडु मल्लेश्वराच्या देवळात घेऊन गेले. हे देऊळ व्यंकोजीराजांनी १६६९ मध्ये बांधवले असे मानतात. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ ते. त्याआधी १६३८ मध्ये रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर मिळाले. थोडक्यात, "आई, हे गाव आपलंच आहे," हे समजावण्याचा यांचा प्रयत्न. आईंनी पुढे काय झाले ते विचारले. पुढे व्यंकोजीराजांनी बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाखांना विकायला काढले, व्यवहार पुरा होण्याआधीच १६८७ मध्ये मोगल घुसले आणि त्यांनी तीच किंमत घेऊन ते म्हैसूरकरांना दिले.

"म्हणजे वडिलांनी मिळवलं आणि मुलाने विकायला काढलं," आई म्हणाल्या. "मग यात नवीन काय?"

हे गप्प बसले. कारण त्या सुमारास आमच्याकडेही विक्रीचाच विषय चालू होता. वाडीतल्या घराला आणि त्याच्या मागच्या आगराला मुंबईचे एक गिऱ्हाईक आले होते. समुद्र जवळ, रस्ता डांबरी. त्यांना तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या. संक्रांतीनंतर बयाणा द्यायची त्यांची तयारी होती. यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. बंगळूरहून वाडीत पोचायचे म्हणजे रात्रभराची बस, कोल्हापूरला उतरून आंबा घाटातून एसटी, मग रत्नागिरीहून पुढे पुन्हा गाडी. वर्षात दोनदासुद्धा जाणे होत नाही. कौले फुटतात, माकडे नारळ पाडतात, विहिरीत पाचोळा साठतो. फ्लॅटचे कर्ज फिटायला अजून नऊ वर्षे. आईंनी नाही म्हटले नव्हते. हो पण म्हटले नव्हते. घरातल्या घरात हा विषय सगळे जण टाळत होतो, एवढे मात्र खरे.

२०१८ च्या नाताळच्या सुट्टीत कुठेतरी जाऊ या असे ठरले. यांना चारच दिवस रजा होती. कार्यालयातले एक जण नुकतेच श्रीलंकेला जाऊन आले होते. हे म्हणाले, "विमानाने दीड तास. घड्याळसुद्धा बदलावं लागत नाही. कोलंबो, कँडी आणि परत."

आई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "कोलंबो म्हणजे सिलोनच ना?"

कित्येक आठवड्यांत त्यांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. त्यानंतर त्यांना घरी ठेवून जायचा प्रश्नच नव्हता.

आता एकाहत्तर वर्षांच्या बाईंचा पहिलावहिला पासपोर्ट. शाळेचा दाखला निघाला तो माहेरच्या नावाचा. मग लग्नाचे कागद, आधारकार्ड अशी जुळवाजुळव झाली. अर्ज भरायला हे संगणकासमोर बसले, आई शेजारी खुर्चीत. सध्याचा पत्ता लिहून झाला. पुढे प्रश्न होता: कायमचा पत्ता हाच आहे का? यांनी 'होय'वर टिचकी मारली आणि पुढे निघाले.

"थांब," आई म्हणाल्या. "काय विचारलंय ते वाच." यांनी वाचून दाखवले. "मग 'नाही' लिही."

"अगं आई, कागदपत्रं इथली आहेत. उगाच घोळ होईल."

"होऊ दे. मला काही घाई नाही."

पोस्ट, तालुका, जिल्हा रत्नागिरी असा वाडीचा पत्ता त्यांनी एकेक शब्द सांगून लिहून घेतला. हे टंकत होते आणि त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. मी स्वयंपाकघरात निघून गेले. मायलेकांच्या मध्ये सुनेने पडू नये, हा माझा जुना नियम आहे.

निघायच्या आधी शेजारीपाजारी घाबरवायला होतेच. त्या ऑक्टोबरात श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एका पंतप्रधानांना काढून दुसऱ्यांना बसवले होते आणि पहिले हटायला तयार नव्हते. देशाला सात आठवडे दोन पंतप्रधान! १६ डिसेंबरला जुन्यांनीच पुन्हा शपथ घेतली आणि २१ तारखेच्या शुक्रवारी आम्ही निघालो. आईंना एकच रुखरुख होती: दुसऱ्या दिवशी दत्तजयंती होती.

कटुनायकेच्या विमानतळावर व्हॅनचा चालक आमचे नाव लिहिलेला पुठ्ठा घेऊन उभा होता. पंचेचाळिशीचा, सावळा, हसरा माणूस. त्याने हात जोडून आईंना म्हटले, "आयुबोवन, अम्मा." दीर्घायुषी व्हा, असा त्याचा अर्थ. तिथे लहान माणूसही मोठ्याला असेच म्हणतो. 'आयु' तेवढे आईंच्या कानावर पडले आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघाले, "औक्षवंत हो रे बाबा."

कँडीचा रस्ता साडेतीन तासांचा. वाटेत लेकीने पाट्या वाचायचा सपाटा लावला, म्हणजे तसा प्रयत्न केला. सिंहली लिपी कन्नडसारखीच गोल गरगरीत. बंगळूरहून गेलेल्या मुलीला वाटते, आता हे वाचता येईल. आणि एक अक्षर लागत नाही. ती अगदी चिडून गेली. मग तिने चालकाला आकडे शिकवायला सांगितले. तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि बोटांवर शिकवू लागला: "एक, देक, तुन, हतर, पह..."

मागच्या बाकावरून आई म्हणाल्या, "एक, दोन, तीन, चार, पाच."

"हय, हत, अट, नवय, दहय."

"सहा, सात, आठ, नऊ, दहा. अगं, हा मराठीच बोलतोय!"

खरेच आहे ते. सिंहली ही मराठी-बंगालीच्या कुळातली भाषा, प्राकृतातून निघालेली. मध्ये तमिळ, तेलुगू, कानडी एवढा मुलूख सोडून ती समुद्रापलीकडे जाऊन बसली आहे. आपल्या 'स'चा तिथे पुष्कळदा 'ह' होतो. सात म्हणजे हत, साखर म्हणजे हकुरु (तिथे तो माडाच्या गुळाला म्हणतात). चंद्र म्हणजे हंद. भात म्हणजे बत. आईंनी हे सूत्र कुणी न सांगता हेरले. नाक्यावर गाडी थांबली की त्या एकेका वस्तूकडे बोट दाखवायच्या आणि चालक शब्द सांगायचा. मुलगा म्हणजे पुता, हे कळल्यावर त्यांनी त्याला 'पुता' म्हणूनच हाक मारायला सुरुवात केली. अडीच वर्षे बंगळूरला मुक्या झालेल्या बाई कँडीच्या रस्त्यावर थांबायला तयार नव्हत्या!

कजुगम नावाच्या गावात रस्त्याच्या कडेला बायका काजू विकत बसतात. काजूला तिथेही कजुच. पेरूला पेर, अननसाला अन्नासि, साबणाला सबन्, पावाला पान. हे शब्द मात्र प्राकृतातले नव्हेत, पोर्तुगीजांचे. १५०५ मध्ये ते सिलोनला पोचले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला आणि दोन्हीकडच्या बाजारात तेच शब्द टाकून गेले. आईंना पोर्तुगीजांशी कर्तव्य नव्हते. काजू वाडीतल्यासारखे ओल्या चवीचे नाहीत, असा निकाल देऊन त्यांनी अर्धा किलो घेतले.

यांनी विमानात एक प्रवासपुस्तक वाचून काढले होते, ते उतू जात होते. 'महावंस' या पाली ग्रंथातली विजयाची कथा त्यांनी सांगितली. सिंहली लोकांचा हा मूळ पुरुष. बापाने हद्दपार केल्यावर तो जहाजातून निघाला आणि आधी लागला तो सुप्पारक बंदराला, म्हणजे आपल्या सोपाऱ्याला. पण त्याच्या माणसांनी तिथे दंगा केला, राहणे धोक्याचे झाले आणि त्याला पुन्हा जहाजात बसून लंकेला यावे लागले. आमच्या वन्सं नालासोपाऱ्यालाच राहतात. आई म्हणाल्या, "गर्दीत उतरता आलं नसेल बिचाऱ्याला." आम्ही इतके हसलो की काय झाले म्हणून चालकाने गाडी बाजूला घेतली.

गाडीत त्याची कॅसेटवजा गाणी चालू होती. (आता कॅसेट नसते, पण गाणी तीच.) एक भारदस्त, शांत आवाज. भाषा कळत नव्हती, पण चालीत आपला राग ओळखीचा वाटत होता. ते अमरदेव. तिकडे त्यांना आपल्या भीमसेनांइतका मान आहे. २०१६ मध्ये ते गेले. त्यांनी लखनौच्या भातखंडे विद्यापीठात शिक्षण घेतले आणि व्हायोलिन शिकले ते आपल्या विष्णु गोविंद जोगांकडे. आई डोळे मिटून ऐकत होत्या. "मास्तरांना आवडलं असतं," एवढेच म्हणाल्या.

कडुगन्नावाचा घाट चढून संध्याकाळी कँडीला पोचलो. एका वयस्क बाईंच्या घरातल्या दोन खोल्या आम्ही घेतल्या होत्या. सकाळी पाहते तो आई खोलीत नाहीत. शोधत गेले तर स्वयंपाकघरात. घरधनीण बाई हिरमणे घेऊन नारळ खवत होत्या. आपल्या खवणीचेच भावंड ते. आईंनी ते त्यांच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतले. पाच मिनिटांत नारळाच्या दोन्ही कवड्या लख्ख! त्या बाई बघतच राहिल्या. मग इंदि-आप्प झाले. तांदळाच्या पिठाच्या शेवया साच्यातून वेताच्या चकत्यांवर पाडायच्या आणि वाफवायच्या. आमच्या कोकणातल्या शिरवळ्याच की! तिथे त्या नारळाच्या दुधाच्या तिखटसर रश्श्याबरोबर खातात. आईंनी खुणेने हकुरु मागितला, नारळाच्या दुधात किसून घातला, वेलदोडा टाकला आणि त्या बाईंना बशीत दिला. त्यांनी चव घेतली आणि आत जाऊन आपल्या नवऱ्याला घेऊन आल्या.

पुढचा तासभर त्या दोघी काय बोलत होत्या, देव जाणे. माशाला लावायची गोरक्याची काळी खापे दाखवून त्या बाई काही सांगत होत्या, आई आमसुलाचे सांगत होत्या. परसात भेरल्या माड होता (त्याच्याच रसाचा तो गूळ), नीरफणस होता, कुयरीच्या भाजीचा फणस होता. आईंनी प्रत्येक झाडाला हात लावून पाहिला. मी दारात उभी होते. मामंजी गेल्यापासून आईंना इतके मोकळे मी पाहिले नव्हते. आनंद तर झालाच, पण मला थोडे भयही वाटले. हे सगळे ज्या परसात त्यांचे स्वतःचे आहे, त्याचाच बयाणा घ्यायला आम्ही निघालो होतो.

२२ डिसेंबर, शनिवार. मार्गशीर्ष पौर्णिमा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला 'पोया' म्हणून सरकारी सुट्टी असते. त्या दिवशी मांसमच्छी आणि दारू विकत नाहीत. (यांची थोडी पंचाईत झाली.) डिसेंबरची पौर्णिमा तर खास. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेला आली, त्याची ही आठवण. संध्याकाळी दळदा मालिगावाला, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या मंदिरात जायचे होते. चालकाने सांगितले, पांढरे कपडे घाला.

आई अडखळल्या. पांढरे नेसायचे नाही, असे मामंजींनी आपल्या मागे सांगून ठेवले होते आणि आईंनी ते कसोशीने पाळले होते. शेवटी एक मोतिया रंगाची साडी नेसून निघाल्या. तळ्याकाठी पोचलो आणि पाहतो तर सगळीकडे पांढरेच पांढरे. तरुण जोडपी, लेकुरवाळ्या बायका, शाळकरी मुली, सगळ्या शुभ्र वेषात, हातांत निळी कमळे आणि चाफा घेऊन रांगेत. आई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथे पांढरं म्हणजे सणाचं दिसतंय."

१९९८ च्या जानेवारीत तमिळ वाघांनी या मंदिराच्या दारात स्फोट घडवला होता. आता त्याची खूण दिसत नाही, तपासणी मात्र कडक आहे. आत दात दिसत नाहीच. सोन्याच्या करंड्याचे ओझरते दर्शन होते आणि रांग पुढे ढकलते. साडेसहाच्या पूजेचे ढोल सुरू झाले तेव्हा आम्ही बाहेरच्या पिंपळापाशी होतो. पणत्या लागल्या होत्या. आपल्याकडे दत्तजन्म होतो तीच वेळ. आईंनी चप्पल काढलेलीच होती. पदर खांद्यावरून घेतला आणि पिंपळाला प्रदक्षिणा घालू लागल्या, औदुंबराला घालतात तशा. दत्ताचा गजर पुटपुटत. शेजारून एक सिंहली आजी पाली म्हणत चालली होती. कुणी कुणाला काही विचारले नाही. ढगांतून चंद्र वर आला, तेव्हा आईंनी लेकीला बोट दाखवले, "बघ, हंद."

दुसऱ्या दिवशी हत्ती, मसाल्याची बाग वगैरे जे सगळे करतात ते आम्हीही केले. लेकीला हत्ती आवडले; मला तिथल्या किमती आवडल्या नाहीत, जरी आपल्या एका रुपयाला तिथले अडीच मिळत होते. कँडीची एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. ते सुंदर तळे शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह याने बांधले. १८१५ मध्ये इंग्रजांनी त्याला पकडले आणि वेलूरच्या किल्ल्यात आणून ठेवले. आम्ही बंगळूरहून चेन्नईला जातो त्या वाटेवरचे वेलूर. हाच किल्ला १६७८ मध्ये मराठ्यांनी जिंकला होता. राजा तिथेच १८३२ मध्ये वारला. सतरा वर्षे परमुलखात. तळे तसेच राहिले.

कोलंबोला पोचल्यावर आईंनी चालकाला सांगितले, "पुता, रेडिओ." त्याला बरोबर कळले. इंडिपेन्डन्स स्क्वेअरला झाडांच्या सावलीत नभोवाणीची इमारत आहे. १९६७ मध्ये रेडिओ सिलोनचे महामंडळ झाले, १९७२ मध्ये देशाचेच नाव बदलले. फाटकावर पहारेकरी होता, आत सोडण्याचा प्रश्न नव्हता. बाहेरून पाहिले तर एक साधी, जुन्या वळणाची सरकारी कचेरी. लेक म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच," आई म्हणाल्या. फाटकाच्या गजांतून त्या पाच मिनिटे आत पाहत होत्या. "ते असते तर ओळख काढून आत गेले असते. चहा पिऊन आले असते."

संध्याकाळी गॉल फेसच्या हिरवळीवर बसलो. पुढे समुद्र, पतंग उडवणारी पोरे, कोळंबी लावलेले वडे तळणाऱ्या गाड्या. लेक पतंगांमागे पळाली. आईंनीच विषय काढला.

"घराचं काय ठरवलंस?"

"तू म्हणशील तसं," हे म्हणाले. पण त्यांच्या आवाजात 'तू व्यवहाराचं म्हण' असे होते.

"मला परदेशात राहायचं काही वाटत नाही रे. चार दिवस इथे राहिलेच ना? मजेत राहिले. कारण परवा परत जायचंय हे ठाऊक होतं. तू उद्या बंगळूरला परत जाणार, ही परत जाणार. घरी जाणार तुम्ही. मी कुठे परत जाणार, ते सांग."

हे समुद्राकडे पाहत राहिले. वडे गार झाले. मी पण काही बोलले नाही. या वेळी नियम म्हणून नाही, सुचलेच नाही.

संक्रांतीला बयाणा घेतला नाही. गिऱ्हाइकाने शेजारच्या वाडीतली जागा घेतली. लोकांना वाटेल, आता सगळे गोड झाले. तसे नाही. कौले बदलायला आणि पंप बसवायला जो खर्च झाला, त्याने आमच्या कर्जाची मुदत वाढली. यांनी ते कधी बोलून दाखवले नाही, पण हिशेबाच्या वहीत ते दिसते. वाडीत आईंच्या सोबतीला पुतण्याचे कुटुंब राहायला आले, त्यांचेही आपले रुसवेफुगवे असतात. शिमग्याला आई जातात आणि मृग बरसला की बंगळूरला येतात, असा बेत ठरला. बंगळूरला आल्या की समोरच्या आजींच्या "ऊट आयता?"ला आता "आयतु" म्हणतात. तेवढेच, पण म्हणतात.

पहिल्याच वर्षी, २१ एप्रिल २०१९ ला, ईस्टरच्या रविवारी कोलंबोत, नेगोंबोत आणि बट्टिकलोआत स्फोट झाले. चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेली माणसे, हॉटेलांत न्याहारी करणारी माणसे, अडीचशेच्या वर मेली. आम्ही चार महिन्यांपूर्वी ज्या रस्त्यांनी फिरलो तेच रस्ते दूरदर्शनवर. वाडीतून आईंचा फोन आला, "पुताला फोन लाव. आत्ता."

लागेना. संध्याकाळपर्यंत लागला नाही. आई दर अर्ध्या तासाने मला विचारत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी लागला, तेव्हा मी दोन्ही फोन जोडून दिले. पलीकडून आवाज आला, "होंदय, अम्मा, होंदय." ठीक आहे, एवढाच अर्थ. तो त्या दिवशी गावी होता. त्यापुढे पाच-सात मिनिटे तो सिंहलीत बोलत होता आणि आई मराठीत. मध्येच त्याचा आवाज भरून आला असावा, कारण आई "असू दे, असू दे रे पुता" म्हणत राहिल्या.

फोन ठेवल्यावर पुन्हा मला फोन. आवाज अगदी व्यवहारी. "झाडाचा आंबा तयार आहे. कोलंबोला पेटी पाठवता येते का, विचारून ठेव. आणि कच्चेच पाठवायचे, वाटेत पिकतील."